भंगारातील संगणक आणि टेबलावरचा खेळ

घसारा हा हिशेबनिसांच्या जिव्हाळ्याचा आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कंटाळ्याचा विषय. परंतु वस्तूच्या मोलाविषयी समाजाची काय समजूत आहे, हे पाहावयाचे असेल तर घसाऱ्याच्या तक्त्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो आणि तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे ४० हजार रुपयांस घेतलेला संगणक पाच वर्षांनंतर कागदोपत्री ३ हजार ११० रुपयांचा उरतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाने तर टेबलावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य अवघे तीन वर्षे मानले आहे. एवढ्या काळात साधी लोखंडी खुर्चीही म्हातारी होत नाही!

कागदावर मृत झालेली ही वस्तू प्रत्यक्षात मात्र बहुधा धडधाकट असते. तिचा प्रोसेसर खरेदीच्या दिवशी सेकंदाला जितके काम करीत होता तितकेच आजही करतो. बदलतात त्या तिच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा. नव्या आज्ञावल्या अधिक मेमरी मागतात, नव्या सुरक्षाव्यवस्था नव्या चिपा मागतात आणि कालचा कामसू संगणक आज ‘चालत नाही’ असे जाहीर होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. तिच्या जागी आलेली ‘विंडोज ११’ अनेक जुन्या संगणकांना अधिकृतरीत्या स्वीकारत नाही. कार्यालयांतून, बँकांतून आणि महाविद्यालयांतून संगणक बाहेर पडण्याचा ओघ यामुळे वाढणार, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत जगभर वाढलेल्या एका छंदाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. हा छंद म्हणजे जुन्या संगणकाच्या सुट्या भागांपासून घरच्या घरी, टेबलावर मावेल असे ‘आर्केड’ यंत्र बनविण्याचा. एकेकाळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माणसाएवढ्या उंचीची जी कपाटे उभी असत आणि ज्यांच्या फटीत नाणे टाकून मुले दांडी फिरवीत असत, त्यांचीच ही लहान आवृत्ती. विषय वरकरणी पोरकट वाटेल. परंतु त्यात गुंतलेले प्रश्न पोरकट नाहीत.

एक हजारपट शक्ती

अटारी कंपनीचा ‘पाँग’ १९७२ साली आला आणि नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचा धंदा उभा राहिला. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बाजारात आणला. जपानी चहागृहांत हा खेळ काचेच्या पृष्ठभागाखाली पडदा बसविलेल्या टेबलांतूनही खेळला जाई. म्हणजे टेबलावरच्या यंत्राची कल्पना तशी नवी नाही. या खेळातला प्रोसेसर होता इंटेलचा ८०८०, सेकंदाला सुमारे २० लाख ठोके देणारा. परग्रहावरचे शत्रू जसजसे नष्ट होत तसतशी उरलेल्यांची गती वाढे आणि खेळणाऱ्याचे काळीज धडधडू लागे. ही गती मुळात यंत्राच्या दौर्बल्यातून आली होती: चित्रे कमी उरली की प्रोसेसरवरचा भार हलका होई आणि बाकीची चित्रे तो लवकर हलवी. १९८० साली नामको कंपनीने आणलेल्या ‘पॅकमॅन’चा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३० लाख ठोक्यांचा होता.

आता २००६ नंतर कार्यालयांत आलेला, दोन गाभ्यांचा एखादा सामान्य प्रोसेसर घेतला तर त्याचा वेग सेकंदाला २०० कोटी ठोक्यांच्या आसपास असतो. गुणोत्तर एकास एक हजार. एवढी शक्ती लागते तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तिचे उत्तर ‘एम्युलेटर’ या आज्ञावलीच्या स्वरूपात आहे. जुन्या यंत्रातील प्रत्येक चिप कशी वागत असे याची ही आज्ञावली हुबेहूब नक्कल करते. प्रोसेसरची एकेक आज्ञा, आवाजाची चिप, चित्राची चिप असे सर्व काही. नकलेला मूळ कामापेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात. तरीही ऐंशीच्या दशकातील बहुतेक खेळांसाठी पंधरा वर्षांपूर्वीचा कार्यालयीन संगणक पुरून उरतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीचे त्रिमितीय खेळ मात्र त्याला झेपतीलच असे नाही.

या नकलेच्या कार्यातील अग्रगण्य नाव ‘मेम’ या आज्ञावलीचे. इटलीचे निकोला साल्मोरिया यांनी ती १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २०१६ पासून ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तिचा मूळ हेतू करमणुकीपेक्षा जतनाचा आहे. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या काही फलकांवर तर खेळ उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी संपली की खेळ कायमचा मुका. अशा वस्तूंचे जतन नकलेवाचून होणार तरी कसे?

जुने काय घ्यावे, नवे काय घ्यावे

यंत्राची रचना थोडक्यात अशी. मुख्य फलक, प्रोसेसर, मेमरी आणि वीजपुरवठ्याचा डबा हे जुन्या संगणकातून घ्यावयाचे. पडदा जुन्या मॉनिटरचा. बारा किंवा अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची पेटी, तिच्या पुढच्या उतारावर दांडी आणि बटणे. लिनक्सवर आधारलेल्या, याच कामासाठी सिद्ध केलेल्या मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरूनही सुरू होतात.

यातील पडद्याची गोष्ट अर्थशास्त्रज्ञाला विशेष रुचावी. १२८० बाय १०२४ बिंदूंचे, जवळजवळ चौकोनी असे सतरा इंची मॉनिटर एकेकाळी प्रत्येक कार्यालयात होते. रुंद पडदे आले आणि या मॉनिटरांना कोणी विचारीनासे झाले. परंतु जुन्या खेळांची चित्रे मूळची चौकोनी वळणाचीच असल्याने रुंद पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, तर या जुन्या पडद्यावर ती जवळजवळ पूर्ण बसतात. एका बाजारातील उणीव दुसऱ्या बाजारात गुण ठरते ती अशी. वस्तूचे मोल वस्तूतच नसते, तिच्या उपयोगाशी असलेल्या नात्यात असते, हा सिद्धान्त आम्ही वर्गात फळ्यावर आलेख काढून शिकवितो. भंगारवाल्याच्या दुकानात तो आलेखावाचून समजतो.

तथापि सर्वच भाग जुने घेण्यात काटकसर आहे असे नाही. ज्या भागात काही हलत नाही तो जुना घ्यावा; ज्यात काही हलते, फिरते, घासले जाते तो नवा घ्यावा, हा स्थूल नियम. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क काढून टाकावी. दांडी आणि बटणे यांच्यावर सारा मार बसतो. ती नवीच हवीत. दांडीच्या चार दिशांना चार आणि प्रत्येक बटणाखाली एक असे छोटे खटके असतात. त्यांच्या तारा जुन्या कीबोर्डच्या आतील पट्टीला सोल्डर करून जोडण्याची युक्ती फार स्वस्त पडते, परंतु तिला एक मर्यादा आहे. कीबोर्डच्या कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत बांधलेल्या असतात. एकाच वेळी तीन विशिष्ट कळा दाबल्या गेल्या तर न दाबलेली चौथी दाबल्याचा भास संगणकाला होतो किंवा तिसरी दुर्लक्षिली जाते. दोघांनी खेळावयाच्या यंत्रात असे वारंवार घडते. तेव्हा थोडे पैसे खर्चून यूएसबीने जोडावयाची स्वतंत्र पट्टी घेणे हिताचे.

वीजपुरवठ्याच्या डब्याविषयी एक इशारा देणे अगत्याचे आहे. २३० व्होल्टची आपली घरगुती वीज त्या डब्यात एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टला पोहोचते आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरांत साठून राहते. जिज्ञासेपोटीही तो डबा उघडू नये. फुगलेल्या कपॅसिटरांचा फलक स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पेटीला मागून हवा खेळण्यासाठी भोके असावीत आणि अर्थिंगची तार तोडू नये. काटकसर आणि कंजुषी यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे.

स्वस्ताईचा हिशेब केवळ खरेदीशी संपत नाही. २०१२ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथून ‘रास्पबेरी पाय’ हा ३५ डॉलरचा, तळहातावर मावणारा संगणक आला तेव्हा अशा यंत्रांसाठी तोच प्रमाण मानला गेला. २०२१-२२ मध्ये जगभर चिपांची टंचाई झाली, तो मिळेनासा झाला आणि अनेकांचे लक्ष जुन्या कार्यालयीन संगणकांकडे वळले. परंतु जुना संगणक वीज अधिक खातो. पडदा वगळून तो ६० वॅट आणि छोटा संगणक ५ वॅट घेतो असे धरू. रोज दोन तास खेळ चालला तर वर्षाला पहिल्यास सुमारे ४४ युनिट, दुसऱ्यास सुमारे ४ युनिट लागतील. युनिटला ८ रुपये धरले तर फरक वर्षाला ३२० रुपये, पाच वर्षांत १६०० रुपये. जुन्या संगणकाची किंमत ठरविताना हा आकडा तीत मिळविला पाहिजे. घरात पडून असलेल्या संगणकाच्या बाबतीत हा हिशेब बहुधा जुन्याच्या बाजूने जातो. मुद्दाम विकत आणावयाच्या बाबतीत तो जाईलच असे नाही.

जुन्या बाजारातील विश्वास

जुन्या वस्तूंच्या बाजारावरील सर्वांत प्रसिद्ध लेख जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली लिहिला. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हा लेख होता. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे. मोटारीचे खरे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा म्हणून सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात आणि उरते ती रद्दी. संगणकाच्या सुट्या भागांना हे विवेचन तंतोतंत लागू पडावयास हवे. तरीही मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातील बुधवार पेठ, दिल्लीचे नेहरू प्लेस येथे हा बाजार वर्षानुवर्षे चालू आहे, तो कसा?

याचे एक कारण असे की, संगणकाचा भाग दुकानातच जोडून, चालवून पाहता येतो. दुसरे कारण म्हणजे दुकानदार आणि गिऱ्हाईक पुन्हा भेटणार असतात. नावलौकिक हेच तेथील तारण. आपल्याकडील बोहारणीचा व्यवहार आठवून पाहावा. जुने लुगडे उन्हात धरून ती त्याचा पोत पाहते, विरलेली जागा शोधते आणि मग भांड्याचा आकार ठरविते. पण त्याच गल्लीत तिला पुढच्या महिन्यातही यावयाचे असते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे प्रमाणीकरण. १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकाची रचना बरीचशी खुली ठेवली, १९९५ साली फलक आणि वीजपुरवठा यांच्या मापांचे ‘एटीएक्स’ हे प्रमाण ठरले. म्हणून एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या फलकाला लागतो. खेळांच्या यंत्रांतही १९८५ साली जपानमध्ये ‘जामा’ हे ५६ टोकांच्या जोडणीचे प्रमाण आले. कपाट, पडदा आणि दांडी तीच ठेवून मालक नुसता फलक बदलू लागला. जेथे प्रमाण असते तेथे सुटा भाग असतो आणि जेथे सुटा भाग असतो तेथेच जुना बाजार जगतो. नव्या पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य फलकावर कायमची चिकटविली जाते, तेव्हा एक भाग बिघडला की सारे यंत्र निकामी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले, ते स्वागतार्ह. परंतु दुरुस्तीचा हक्क पोर्टलवर नव्हे, यंत्राच्या रचनेत असावा लागतो.

नाण्याची फट

आर्केड यंत्राचे अर्थशास्त्र मूळचे फार कठोर होते. पार्लरचा मालक खेळ विकत नसे, वेळ विकत असे. खेळाडू फार वेळ टिकला तर गल्ला रिकामा राही. फार लवकर हरला तर तो परत येत नसे. म्हणून खेळाची काठिण्यपातळी ही एका अर्थाने किंमतच होती. घरच्या यंत्रात नाण्याच्या फटीऐवजी एक बटण असते. ते दाबले की नाणे पडल्याचा भास होतो. किंमत शून्यावर आली! आणि मग एक विचित्र गोष्ट घडू लागते: मुले ते बटण दहादा दाबतात, हरण्याची भीती उरत नाही आणि खेळातला राम निघून जातो. एका डावास तीनच संधी, असे बंधन पालकांनीच घातले तर गोडी परत येते. टंचाईशिवाय मोल नाही, हे मुलांना समजावून सांगण्याचा याहून सोपा पाठ सापडणार नाही.

याच्या उलट भ्रमणध्वनीवरचे आजचे अनेक खेळ. त्यांचे दार फुकट उघडते, पण आत गेल्यावर पदोपदी दुकान मांडलेले असते आणि खेळाला शेवट नसतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा उपद्रव इतका वाढला की २०२५ साली संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. टेबलावरच्या यंत्रात जाहिरात नाही, कर्ज नाही, अनोळखी माणूस नाही. खेळ संपतो आणि संपल्याचे पडद्यावर लिहून येते. दुसरा खेळाडू शेजारी खुर्चीवर बसलेला असतो.

मात्र कायद्याचा एक मुद्दा डोळ्याआड करून चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. एम्युलेटर वापरणे आणि एखाद्या कंपनीच्या खेळाची आज्ञावली परवानगीवाचून उतरवून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास सुरक्षिततेसाठी नक्कल ठेवण्याची मुभा आहे. हजारो खेळ भरून यंत्रे विकण्याची मुभा कोणासही नाही. काही जुन्या खेळांच्या मालकांनी ते अव्यापारी वापरासाठी मोफत खुले केले आहेत, काही कंपन्या आपल्या जुन्या खेळांचे संच रीतसर विकतात आणि हौशी रचनाकारांचे मुक्त खेळही पुष्कळ आहेत. यंत्र प्रामाणिकपणे चालविण्यास तेवढे पुरे आहे.

प्रश्न खेळाचा नाही

कोणी म्हणेल, देशापुढे एवढे प्रश्न असताना खेळण्याचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणून मूळ मुद्द्याकडे वळतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघ्या २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग कोठे जातो, ते दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत दिसते. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी फलक आम्लात बुडविले जातात आणि त्या धुराची किंमत कोणत्याच ताळेबंदात लागत नाही.

टेबलावरच्या यंत्रांनी हा डोंगर हलणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. एका यंत्रात एकच संगणक खपतो. परंतु ते यंत्र बनविणारा विद्यार्थी जे शिकतो ते मोलाचे आहे. कोणता भाग मेला आणि कोणता नुसता निवृत्त झाला, हे ओळखण्याची दृष्टी त्याला येते. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय आगपेट्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांपलीकडे क्वचितच जातो. त्याच इमारतीत, एखाद्या कुलूपबंद खोलीत, जुने संगणक निर्लेखनाच्या मंजुरीची वाट पाहत वर्षानुवर्षे धूळ खात असतात. मंजुरी येते तेव्हा ते वजनावर विकले जातात.

२०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याप्रमाणेच नूतनीकरण करणाऱ्यालाही नोंदणीकृत घटक म्हणून स्थान दिले आहे. वर्षभरात एक हजार किंवा अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत घटकांकडेच सोपविला पाहिजे, असे बंधन आहे. नियमांची दिशा योग्य आहे. पण वस्तू ‘कचरा’ ठरण्यापूर्वीच्या पायरीवर आपल्या संस्थांत काहीच घडत नाही. ती पायरी घडविणे अवघड नाही. निर्लेखनाच्या यादीत ‘बंद पडलेला’ आणि ‘चालू, पण जुना’ असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसल्याची नोंद व्हावी. चालू संगणकांपैकी काही प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याशी जवळच्या शाळांची सांगड घालावी. विद्यार्थ्यांनी त्यातून खेळाचे यंत्र करावे, ग्रंथालयाचा सूचिफलक करावा किंवा लिनक्स घालून प्राथमिक शाळेला टंकलेखनाचा संगणक द्यावा. खेळाचे यंत्र मी यासाठी पुढे केले की, त्याच्या ओढीने पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सुतारकाम, वीज आणि आज्ञावली या तिन्ही गोष्टी आपण होऊन शिकते.

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर चढले. ज्या वस्तूला आपण भंगार म्हणून वजनावर देतो, तिच्याच जातीची नवी वस्तू महागाईने घेण्याची वेळ येते, तेव्हा तरी घसाऱ्याच्या तक्त्याकडे संशयाने पाहण्यास हरकत नसावी. तो तक्ता कर आकारण्यासाठी आहे. वस्तूचा मृत्यू घोषित करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी संबंधितांनी त्या खोलीचे कुलूप काढावे, एकेक संगणक विजेला जोडावा आणि बटण दाबून पाहावे. त्यांतील कितीतरी चालू होतील.